दोन फेऱ्या आधी लावलेली तबकडी: ताफायुद्धाच्या एका प्रादेशिक स्पर्धेची हकीकत

मचवा (धागाकर्ता)

बुद्धिबळाच्या धाग्यावर मागे एका सदस्यांनी विचारले होते की टेबलावर छोटी जहाजे मांडून जी ताफायुद्धे खेळतात, त्यांच्या स्पर्धेत नेमके जिंकायचे काय असते. तेव्हा उत्तर द्यायचे राहून गेले. आता सविस्तर देतो, आणि माझ्या एका फसलेल्या सामन्यासकट देतो, कारण तो सामना मी जिंकला होता आणि तरीही हाताशी आलेला दुसरा क्रमांक जाऊन पाचव्यावर समाधान मानावे लागले.

खेळाचे नाव 'स्टार वॉर्स: आर्माडा'. फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने तो 2015 मध्ये बाजारात आणला. देखावा अंतराळाचा असला तरी खेळाचा पिंड आरमाराचाच आहे: जहाजे जड आहेत, मनात येईल तेव्हा थांबत नाहीत, हवी तशी वळत नाहीत, आणि त्यांच्या तोफा नाळ (पुढचे टोक), वरामा (मागचे टोक) व दोन्ही कुशी यांत वाटलेल्या असतात. सहा फूट बाय तीन फुटांचे टेबल, प्रत्येकी 400 गुणांचा ताफा, त्यातील लढाऊ विमानांच्या तुकड्यांवर 134 गुणांहून अधिक खर्च करण्यास मनाई, आणि सहा फेऱ्यांत खेळ समाप्त, असा एकंदर मामला. आठ बाजूंचे फासे तीन रंगांचे असतात. लांबून मारा करायचा तर फक्त लाल, मध्यम पल्ल्यावर लाल आणि निळे, आणि अगदी अंगावर गेल्यावर काळ्यांसह सगळे. सांधे असलेली प्लास्टिकची एक पट्टी जहाजाच्या बैठकीला लावायची, वेगाप्रमाणे तितके सांधे मोजायचे, जहाजाच्या तक्त्यात परवानगी असेल तेवढेच ते वाकवायचे आणि पट्टीच्या टोकाला जहाज नेऊन ठेवायचे.

या खेळात माणूस फसतो तो तबकडीमुळे. प्रत्येक जहाजाला दर फेरीत एक आज्ञा द्यायची असते: वेग आणि वळण बदलणे, मारा वाढवणे, दुरुस्ती करणे किंवा विमानांना हुकूम सोडणे. ही आज्ञा गोल तबकडीवर लावून ती पालथी ठेवतात. लहान कॉर्व्हेटला त्या फेरीची आज्ञा त्याच फेरीत देता येते. मोठ्या जहाजापाशी मात्र तीन तबकड्यांची चळत असते. नवी तबकडी तळाशी सरकवायची आणि वरची उलटायची, म्हणजे आता दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर अमलात येतो. चौथ्या फेरीत जे लावाल ते सहाव्या फेरीत भोगाल.

आता गुणांचे. सामना संपल्यावर तुम्ही नष्ट केलेल्या जहाजांची व विमानांची किंमत एका बाजूला आणि तुम्ही गमावलेल्यांची दुसऱ्या बाजूला मांडतात. त्या काळच्या स्पर्धानियमांनुसार हा फरक 59 पर्यंत असला तर जेत्याला 6 आणि पराभूताला 5 गुण मिळत. 60 ते 139 असल्यास 7 व 4, 140 ते 219 असल्यास 8 व 3, 220 ते 299 असल्यास 9 व 2, आणि त्यापुढे 10 व 1. नुसत्या जिंकण्याला किती कमी भाव आहे हे यावरून लक्षात येईल. 6-5 ने जिंकणाऱ्यात आणि हरणाऱ्यात एकाच गुणाचे अंतर असते.

2018 च्या वसंतात ओहायो राज्यातील एका दुकानात प्रादेशिक स्पर्धा होती. शनिवारचा दिवस, तीन सामने, प्रत्येक सामना सव्वादोन तासांचा. पहाटे उठून दोन तास गाडी हाकत गेलो. जहाजे खिळे-स्क्रू ठेवण्याच्या कप्प्याकप्प्यांच्या पेटीत स्पंज घालून नेली होती आणि डब्यात धपाटे होते. ताफा साम्राज्याच्या बाजूचा: एक मोठे इम्पीरियल, एक व्हिक्टरी, एक ग्लॅडिएटर आणि साध्या टाय विमानांच्या तुकड्या, सेनापती ॲडमिरल मोटी. एकूण 391 गुण. नऊ गुण मुद्दाम सोडले होते, कारण ज्याचा ताफा कमी गुणांचा त्याला आधी खेळायचे की नंतर हे ठरवण्याचा अधिकार मिळतो, आणि मला आधी खेळायचे होते.

पहिले दोन सामने 8-3 आणि 7-4 असे गेले, त्यांच्यात सांगण्यासारखे फारसे नाही. तिसऱ्या सामन्यासाठी बसलो तेव्हा माझ्या खात्यात 15 गुण होते. समोर बंडखोरांचा ताफा घेतलेले एक मृदू स्वभावाचे, वयाने मोठे गृहस्थ होते. पाचवी फेरी संपेपर्यंत मी त्यांचे टॉर्पेडो फ्रिगेट आणि नेब्युलॉन-बी ही दोन जहाजे नष्ट केली होती. सुधारणांसह, म्हणजे जहाजाला जोडलेल्या जादा पत्त्यांसह, त्यांची किंमत अनुक्रमे 83 आणि 62. माझ्या टाय विमानांच्या पाच तुकड्या गेल्या होत्या, प्रत्येकी 8 प्रमाणे 40. सहाव्या फेरीत माझ्या व्हिक्टरीने समोरून 41 गुणांची कॉर्व्हेट टिपली. फरक झाला 146, म्हणजे 8-3, म्हणजे एकूण 23. दुसऱ्या क्रमांकावर शेवटी जो खेळाडू आला त्याचे 22 होते.

पण या खेळात जहाज आधी मारा करते आणि मग हलते. व्हिक्टरीचा वेग 2 होता, टेबलाची समोरची कड अगदी जवळ होती, आणि वेग कमी करण्यासाठी लागणारी आज्ञा तबकडीवर नव्हती. चौथ्या फेरीत कॉर्व्हेटवर डोळा ठेवून मी तेथे मारा वाढवण्याची आज्ञा लावून ठेवली होती. तिच्यामुळे मिळालेला जादा लाल फासा कोरा पडला, कॉर्व्हेट त्याच्याशिवायच गेली.

पट्टी लावली, जहाज नेऊन ठेवले. बैठकीचा काही भाग खेळाच्या क्षेत्राबाहेर गेला तर जहाज नष्ट झाले असे धरतात, मात्र शिल्डच्या, म्हणजे संरक्षक कवचाच्या, फिरत्या चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारा प्लास्टिकचा बाहेर आलेला भाग त्यात मोजत नाहीत. माझी पुढची चकती कडेबाहेर होती, त्याबद्दल वाद नव्हता. प्रश्न बैठकीचा होता, आणि दुकानातील मॅटची कड वापरून वापरून किंचित वर वळलेली होती. समोरचे गृहस्थ वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पंचांना बोलावू या, म्हणजे दोघांनाही घरी जाऊन झोप लागेल." पंचांनी मॅट हाताने सपाट दाबली, पल्ला मोजण्याची पट्टी कडेला उभी धरली आणि आम्हा दोघांना एकेक करून वरून पाहायला लावले. बैठकीवरील पुठ्ठ्याचा डावा कोपरा पट्टीच्या पलीकडे होता. नखाएवढा म्हणण्याचीही सोय नाही, नखाच्या काळ्या कडेएवढा.

व्हिक्टरीची मूळ किंमत 73, सुधारणा 15, एकूण 88. माझे नुकसान 40 वरून 128 वर गेले आणि फरक 146 वरून 58 वर आला. 8-3 चे 6-5 झाले. आणखी दोन गुणांचा फरक असता तरी 7-4 झाले असते. एकूण 21, पाचवा क्रमांक.


वल्हेकरी

हकीकत आवडली, पण उलटतपासणी केल्याशिवाय राहवत नाही. तबकडी उलटल्यावर तिची आज्ञा त्याच वेळी न वापरता तिचे टोकन करून जवळ ठेवता येते, आणि दिशेच्या, म्हणजे वेग-वळणाच्या आज्ञेच्या, टोकनाने वेग एकाने कमी-जास्त करता येतो. मंद जहाजांच्या बाबतीत पहिल्या फेरीत करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे पहिली तबकडी दिशेची लावून तिचे टोकन गाठीशी बांधणे हा या खेळातला सर्वसाधारण शहाणपणा आहे. ते टोकन सहाव्या फेरीत खर्च करून वेग 1 केला असता तर जहाज टेबलावर राहिले असते. तेव्हा चूक चौथ्या फेरीत झाली असे आपण म्हणता ते मला पटत नाही, ती पहिल्याच फेरीत झाली.


मचवा

मान्य आहे. पहिल्या फेरीत मी विमानांची आज्ञा लावली होती, कारण आदल्या सामन्यात विमाने मागे राहिल्याचा राग मनात होता. एका सामन्याचा राग पुढच्या सामन्यात काढणे हा स्पर्धेतला माझा जुना दोष आहे. घरी मित्राबरोबर खेळताना तो कधी दिसला नाही, कारण घरी एका दिवसात एकच सामना होतो.


सोंगट्या

एक पर्याय राहिला. आपल्याच जहाजाला धडकता आले असते. अंतिम जागी दुसरे जहाज आडवे येत असेल तर वेग तात्पुरता एकेकाने कमी करून पाहतात आणि जेथे जागा मिळेल तेथे जहाज थांबते. त्याबद्दल दोन्ही जहाजांना नुकसानीचे एकेक पत्ते पालथे घ्यावे लागतात. ग्लॅडिएटर कडेजवळ नेऊन ठेवले असते तर व्हिक्टरी त्याच्यावर आदळून आत राहिली असती. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण मी स्वतः दोनदा असा जीव वाचवला आहे.


मचवा

ही युक्ती मला त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर सुचली, आणि नंतरच्या दोन तासांच्या प्रवासात दुसरे काही सुचले नाही. पण ग्लॅडिएटरला त्या वेळी आणखी एकच पत्ता सोसवला असता, तोही कसाबसा, आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. शिवाय ते त्या फेरीत आधीच हलवून झाले होते. कोणते जहाज आधी हलवायचे याचा विचार मी शत्रूच्या दृष्टीने केला, स्वतःच्या जहाजांनी एकमेकांना कसे उपयोगी पडावे या दृष्टीने केला नाही.


पुणेकर_पाहुणा

मी हा खेळ खेळलेलो नाही, पण गुणांची पद्धत वाचून थोडा अस्वस्थ झालो. जिंकलेल्याला 6 आणि हरलेल्याला 5 ही काय रीत झाली? अशाने लढवय्याचा हिशेबनीस होतो. शेवटच्या फेरीत खेळाडू शत्रूकडे पाहणार की बेरीज-वजाबाकी करत बसणार?


वल्हेकरी

अशी रीत आपल्याला अपरिचित नाही. प्रो कबड्डीत 2024 च्या हंगामापर्यंत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघाला एक गुण मिळत असे, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत हरत असलेला संघ एकेका गुणासाठी जिवाचे रान करी आणि सामना शेवटपर्यंत जिवंत राही. आर्माडातही तेच होते. तीन-चार सामन्यांत पंधरा-वीस माणसांची क्रमवारी लावायची तर नुसत्या जय-पराजयाने ती लागत नाही, सगळे दोन विजय आणि एक पराभव घेऊन एका ओळीत उभे राहतात. जहाज नुसते जखमी झाले तर त्याचे काही गुण जात नाहीत, पूर्ण नष्ट झाले तरच जातात. त्यामुळे घायाळ जहाज वेळेवर लढाईतून बाहेर काढणे हे येथे मोठे कौशल्य मानले जाते, आणि खऱ्या आरमाराशी याचे नाते मला जवळचे वाटते. कोणताही शहाणा सरखेल शेवटच्या गलबतापर्यंत लढत बसत नसे.

हिशेबाबद्दल म्हणाल तर या प्रकरणातला हिशेब तर फारच बोलका आहे. धागाकर्त्यांनी सहाव्या फेरीसाठी दिशेची आज्ञा लावली असती आणि समजा कॉर्व्हेट निसटली असती, तरी फरक 105 राहिला असता, म्हणजे 7-4 आणि एकूण 22. म्हणजे कॉर्व्हेट सोडून देऊनही ते आज आहेत त्यापेक्षा वर असते आणि दुसऱ्या क्रमांकासाठी बरोबरीत आले असते. 41 गुणांच्या शिकारीसाठी 88 गुणांची होडी कड्यावरून लोटली, असा याचा अर्थ.


मचवा

"होडी" हा शब्द व्हिक्टरीने ऐकला नाही तर बरे. बाकी हिशेब अचूक आहे आणि तो त्या दिवशी टेबलाशी उभे राहून मला करता आला नाही, कारण मी फक्त कॉर्व्हेटची उरलेली शिल्ड मोजत होतो.


शिडाची_दोरी

थोडा इतिहास जोडतो, विषयाशी संबंध आहे म्हणूनच. लहान जहाजे मांडून आरमारी लढाई खेळण्याचा छंद जुना आहे; ज्यांच्या नावाने युद्धनौकांचे वार्षिक प्रसिद्ध होते त्या फ्रेड जेन यांनी 1898 च्या सुमारास आपला नौदल-युद्धखेळ आणला, आणि ते वार्षिकही त्याच काळात सुरू झाले. पण या धाग्याच्या संदर्भात मला लिव्हरपूलची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या आरंभी तेथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली एक डावपेच-विभाग उघडला गेला. फरशीवर चौकटी आखून त्यांवर लाकडी जहाजे सरकवत, आणि हे काम बहुतांशी नौदलाच्या महिला शाखेतील तरुण मुली करीत. व्यापारी ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या बोटींवरचे अधिकारी तेथे शिकायला येत. त्यांना कापडी पडद्यांमागे उभे करून लहानशा फटींतून तेवढेच दाखवत जेवढे खऱ्या कप्तानाला समुद्रावर दिसले असते. जर्मन पाणबुड्यांचा मार्ग हिरव्या खडूने काढत, म्हणजे फटीतून तो नजरेस पडू नये.

आर्माडात अशा फटी नाहीत, सगळे टेबल सगळ्यांना उघडे दिसते. झाकलेली असते ती फक्त तबकडी. मजा अशी की ती शत्रूपासून झाकलेली असते, आपल्याला आपली चळत केव्हाही पाहता येते. धागाकर्त्यांचा घात जे दिसत नव्हते त्याने केला नाही. सहाव्या फेरीची तबकडी दोन फेऱ्या त्यांच्या हाताशी पडून होती.


मचवा

हे लागले. चौथ्या फेरीनंतर मी ती चळत पुन्हा उचलून पाहिली नाही, कारण त्यात काय आहे हे मला पाठ आहे असे वाटत होते. पाठ होतेही. कडेपर्यंतचे अंतर तेवढे पाठ नव्हते.


लंडनवासी_कोकणी

मी इंग्लंडमध्ये याच खेळाच्या स्पर्धा खेळलो आहे, तेव्हा घड्याळाबद्दल लिहितो. सव्वादोन तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण नवख्या माणसाला ते पुरत नाहीत. वेळ संपल्याची सूचना झाली की चालू फेरी पूर्ण करायची आणि आहे तेथे हिशेब करायचा, असा नियम असल्यामुळे जो पुढे आहे त्याच्या हातात मंदावण्याचा मोह असतो. माझ्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने चौथ्या फेरीत तबकड्या लावायलाच जवळजवळ वीस मिनिटे घेतली. लबाडी म्हणता येणार नाही, तो खरोखरच गोंधळला होता, पण माझी जहाजे नेमकी पल्ल्यात येत होती आणि खेळ तेथेच संपला. पंचांकडे जायला हवे होते, संकोचाने गेलो नाही. भिडस्त स्वभावाची किंमत मी त्या दिवशी गुणांत मोजली. तेव्हापासून मी सामन्याच्या आरंभीच दोघांसमोर घड्याळ ठेवतो आणि पहिल्या दोन फेऱ्या पाऊण तासात संपवू या असे नम्रपणे सुचवतो. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

दुसरे असे की धागाकर्त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने पंचांना बोलावले हे मला फार योग्य वाटले. पुष्कळजण अशा वेळी "असू द्या, आत आहे" म्हणून उदारपणा दाखवतात. पण स्पर्धेत तो उदारपणा दोघांपुरता राहत नाही, शेजारच्या टेबलावर 22 गुण घेऊन बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या खिशातून तो जातो.


पुणेकर_पाहुणा

ही बाजू लक्षात आली नव्हती. एक शंका: मॅटची कड वळलेली होती हे सर्वांना दिसत होते, तर पंचांनी ती हाताने दाबणे योग्य होते का? दाबल्यामुळे मॅट बाहेरच्या बाजूला सरकली असेल आणि कोपरा खरे तर आणखी बाहेर असेल, किंवा याच्या उलट?


मचवा

मॅट दाबल्यावर तिची कड बाहेरच सरकणार, म्हणजे खेळाचे क्षेत्र झालेच तर केसभर वाढणार. तेव्हा संशयाचा फायदा मलाच मिळाला आणि तो मिळूनही कोपरा बाहेर राहिला. पंचांबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्यांनी जहाजाला हात न लावता सगळे केले, ही गोष्ट मी पुढे दुसऱ्यांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो तेव्हा लक्षात ठेवली.


सोंगट्या

नव्यांसाठी एक सूचना करून ठेवतो. 2020 च्या अखेरीस या खेळाची जबाबदारी ॲटॉमिक मास गेम्सकडे गेली, नियमांची सुधारित आवृत्तीही आली आणि 2024 मध्ये खेळाचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर झाले. तेव्हा वर लिहिलेले गुणांचे तक्ते व काही नियम आज खेळायला बसाल तेथे कसे लावतात ते आधी विचारून घ्यावे. खेळ मात्र थांबलेला नाही, खेळाडू आपापसांत स्पर्धा भरवतात. जहाजे मिळत नसतील किंवा परवडत नसतील त्यांनी व्हॅसल या मोफत संगणकीय प्रणालीवर शिकावे. पट्टी, तबकड्या, फासे सगळे तेथे आहे. कडेवरचा वादही तेथे होत नाही, हे धागाकर्त्यांना दिलासादायक वाटेल.


पुणेकर_पाहुणा

संध्याकाळी व्हॅसल उतरवून घेतले आणि दोन तास नुसती पट्टी वाकवून पाहिली. येत्या रविवारी भारतीय वेळेनुसार रात्री नऊला कोणी एक सोपा सामना खेळेल का? मी कॉर्व्हेट आणि नेब्युलॉन घेईन, मोठ्या जहाजांच्या तीन तबकड्या आजच झेपणार नाहीत.


मचवा

मी येईन, आमच्याकडे तेव्हा सकाळ असेल. नेब्युलॉनबद्दल आधीच सांगून ठेवतो की तिची नाळ भक्कम आणि कुशी पातळ आहेत, तेव्हा शत्रूला आडवी कधी दाखवू नका. मी व्हिक्टरीच घेणार आहे. तिची पहिली तबकडी कोणती असेल हे आता तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती बदलावी की नाही याचा विचार रविवारपर्यंत करतो.